वाशीमचं पातेलं दापोलीला कसं आलं

वाशीमला कशाला गेला होतात, असं मला दापोलीत बऱ्याच जणांनी विचारलं. कोकणातला माणूस मुंबईला जातो, गाणगापूरला जातो, पोरगा आखातात असेल तर तिकडेही एक फेरी मारून येतो. वाशीमला सहसा कोणी जात नाही. मी गेलो, आणि त्याला कारण आमच्या भिंतीवरचं घड्याळ.

माझा मंडपाचा धंदा. बांबू, कापड, खुर्च्या, भांडी, सगळं भाड्याने देतो. आम्हा मंडपवाल्यांचा एक राज्यभरचा संघ आहे आणि मी त्याचा जुना सभासद आहे. सभासद होऊन केलं काय, तर वर्गणी भरली आणि घरी बसलो. संघाने एक घड्याळ पाठवलं. ते आलं त्या दिवसापासून मागे पडतं. संघाचा व्हॉट्सॅप ग्रुपही आहे. त्यावर मी सकाळी फुलांची चित्रं बघतो आणि कोणाचा वाढदिवस असला की हात जोडलेलं चित्र टाकतो. माझ्या समजुतीप्रमाणे सभासदत्व म्हणतात ते हेच.

यंदा माघ यायच्या आधीच मी अडचणीत सापडलो. माघी गणपतीचा मंडप दरवर्षी माझा असतो, आणि माझं सगळं कापड नि खुर्च्या तिथे आठवडाभर अडकतात. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांच्या मुलीचं लग्न निघालं. डॉक्टरांनी माझ्या आईच्या शेवटच्या आजारात रात्री-अपरात्री फेऱ्या मारल्या होत्या. त्यांनी हाक मारली आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. घरी आल्यावर लक्षात आलं की डॉक्टरांच्या अंगणात घालायला माझ्याकडे फक्त भांडी उरली आहेत, आणि स्वयंपाकवाला तर स्वतःची भांडी आणणार आहे. दापोलीसारख्या गावात मंडपवाल्याने लग्नात शब्द मोडला तर पुढे त्याला कोणी बारशालाही बोलवत नाही.

तुम्ही म्हणाल, गावात दुसरा मंडपवाला नव्हता का? होता. आमच्याच आळीच्या टोकाला विनायक महाडिकचं गोदाम आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पण एका लग्नात मुलीच्या बापाने मंडप मला सांगितला आणि मुलीच्या मामाने त्याला. दोघेही एकाच सकाळी एकाच अंगणात बांबू घेऊन हजर. माघार कोणी घेईना. अर्धं अंगण मी घातलं, अर्धं त्याने. दोन मंडपांच्या मधे हातभर आभाळ उघडं राहिलं. दुपारी अवकाळी सर आली, ती बरोब्बर त्या हातभर जागेतून खाली उतरली, आणि खाली नवरदेव उभा होता. त्याचा दोष मी महाडिकला दिला, त्याने मला दिला. तेव्हापासून अबोला. समोरून आला की मी आभाळ बघतो आणि तो चपलेचा अंगठा बघतो.

एवढ्यात ग्रुपवर निरोप आला की संघाचा पौषातला मेळावा वाशीम जिल्ह्यात मालेगावला आहे, आणि ज्या सभासदाला जी अडचण असेल ती त्याने तिथे मांडावी. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे आम्ही मंडपवाले मोकळेच. मी टाळाटाळ करत होतो. माझी बायको नंदा म्हणाली, "इतकी वर्षं सभासद आहात आणि मिळालं काय, तर मागे पडणारं घड्याळ. जा आणि मंडप मागा. नाही मिळाला तर नाव तरी काढून या."

तिने चपात्यांचा डबा भरून दिला आणि मी निघालो.

मेडशी

प्रवासाचं रडगाणं सांगत नाही. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि मी डबा मांडीवर घेऊन सुखाने डोळे मिटले. शेजारी कोणीतरी बसलं. त्याच्या पिशवीला कोकमाच्या आगळाचा वास होता. अकोल्यात आगळ कुठून आलं म्हणून डोळे उघडले, तर महाडिक.

तोही संघाचा सभासद. अकोल्यापर्यंत एकाच आगगाडीने आलो होतो, डबे वेगळे, एवढंच. मी आभाळ बघायला लागलो. बसमध्ये त्याला चपलेचा अंगठा दिसेना, म्हणून तो पुढच्या सीटचा पत्रा बघत बसला. कंडक्टर आला आणि म्हणाला, "दोघं संगच हाये ना?"

"नाही," आम्ही दोघेही एकदम म्हणालो. कंडक्टरने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बोलनं तं सारखंच हाये," म्हणाला आणि पुढे गेला.

पातूरचा घाट ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना तूर दिसायला लागली. आमच्याकडे डोंगर माणसाच्या अंगावर येतात. इथे जमीन लांबवर पसरते आणि माणसाला जराही अडवत नाही. सोयाबीन केव्हाच निघालं होतं, तूर मात्र कमरेच्या वर उभी होती. हे सगळं बघून बरं वाटलं, पण सांगायला शेजारी माणूस नव्हता. म्हणजे होता, पण तो महाडिक होता.

आमची उतरायची सोय मेडशीला देवराव इंगोले यांच्याकडे होती. त्यांचं तिथे बिछायत केंद्र आहे. आम्ही ज्याला मंडपाचं दुकान म्हणतो त्याला तिकडे बिछायत केंद्र म्हणतात. देवराव स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे होते. उंच, हसरा माणूस. "जय भीम, साळवीभाऊ. जय भीम, महाडिकभाऊ. मीच मागून घेतलं तुमाले. म्हटलं एकाच गावचे हायेत, दोघाइले एकाच घरी राहू द्या. इतक्या दूर एकट्याले करमत नाई."

देवराव पुढे, मधे मी, मागे महाडिक, असे तिघे एका मोटारसायकलवर बसलो. रस्त्यात खड्डे होते. पडू नये म्हणून महाडिकला माझा खांदा धरावा लागला. त्याने तो दोन बोटांनी, दुसऱ्याचं ओलं फडकं उचलावं तसा धरला. एक मोठा खड्डा आला तेव्हा मात्र दोन्ही हातांनी धरला.

घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि एका कोपऱ्यात गाद्यांची चळत. देवरावांच्या पत्नी शोभावहिनी अंगणवाडीत नोकरी करतात. त्यांनी चहा घेणार का म्हणून विचारलंच नाही, सरळ आणून दिला. आमच्याकडे आधी विचारतात, आणि पाहुणाही आधी नको म्हणतो. मी सवयीने "आत्ता नको, कशाला उगीच" म्हणालो, तर वहिनींनी खरंच कप उचलून नेला. महाडिक माझ्यासमोर फुर्र करून प्यायला.

त्याने वहिनींना आगळाची बाटली दिली. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. नंदाने घे म्हटलं होतं, पण मी म्हणालो होतो की आपण मागायला चाललोय, द्यायला नाही.

रात्रीच्या जेवणात ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी होती. दाण्यांना तिकडे सोले म्हणतात. सोबत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानातून वाफ निघाल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्यानंतर मी थांबलोच नाही. आम्ही मासे खाणारे लोक, डाळीला फारशी किंमत देत नाही. त्या आमटीपुढे मात्र मला बांगडा आठवला नाही, ही गोष्ट इथेच मान्य करून टाकतो.

"घ्या ना अजून," वहिनी म्हणाल्या. ह्या खेपेला मी नको म्हटलं नाही.

झोपायला दोघांना मिळून एक लग्नघराची मोठी गादी होती. मधे एक लोड ठेवला होता. तो महाडिकने ठेवला की मी, हे आता आठवत नाही.

मालेगाव

दुसऱ्या दिवशी देवरावांनी टेम्पो काढला आणि त्यात भांडी भरायला घेतली. परात, झारा, कढया, पाण्याचे पिंप. मेळाव्याच्या जेवणासाठी असतील असं समजून मीही हात लावला. तेवढ्यात एका परातीवर नाव दिसलं, ते दुसऱ्याचंच. दुसरं भांडं बघितलं, त्यावर तिसऱ्याचंच.

"हे तुमचं नाही?" मी विचारलं.

"याच्यातलं एकबी माह्यं नाई," देवराव अभिमानाने म्हणाले. "सारं परताव्याचं हाये."

परतावा काय, ते मालेगावला कळलं. मंगल कार्यालयाच्या पटांगणात जिल्ह्यातले बिछायतवाले टेम्पो लावून उभे होते, आणि प्रत्येकाच्या टेम्पोत दुसऱ्यांचा माल. त्यांची रीत अशी की हंगामात कोणाला काही कमी पडलं तर जवळच्या सभासदाकडून न्यायचं. नेताना नोंद नाही, पावती नाही. वापरून झालं की ते तिकडून तिसऱ्याकडे जातं, तिथून चौथ्याकडे. आणि पौषात सगळ्यांनी एका ठिकाणी येऊन आपल्या गोदामात सापडलेला परका माल परत करायचा.

मी आमच्याकडचा. आम्ही शेजाऱ्याला शिडी देतो तेव्हा ती परत येईपर्यंत खिडकीत उभे राहतो.

एकेक भांडं वर उचलून नाव पुकारत होते. मालेगावचे प्रल्हादभाऊ, पांढऱ्या मिशांचे, गेली काही वर्षं जिल्ह्याचे अध्यक्ष, ते पुकारायचे, "हा झारा कोनाचा? शिरपूरचा?" शिरपूरवाला पुढे यायचा, झारा उलटसुलट करून बघायचा. कोणी म्हणायचा, "अबे, हा तं मी हरवला समजलो होतो." कोणी म्हणायचा, "राहू दे तुह्याकडंच, तुह्या हाती चांगला चालते." एका कढईवर तीन नावं होती आणि तिघेही ती दुसऱ्याची आहे म्हणून भांडत होते. असं भांडण मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी मोजदाद झाली, आणि मग खरी गंमत. ज्याचा माल सगळ्यात जास्त लोकांकडे निघतो, तो त्या वर्षीचा अध्यक्ष. निवडणूक नाही, भाषण नाही. यंदा पोहरादेवीकडच्या कमलताईंचं नाव निघत राहिलं. त्यांच्या सतरंज्या तर रिसोडपासून कारंज्यापर्यंत पोचल्या होत्या. प्रल्हादभाऊंनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांना दिला. कमलताई पन्नाशीच्या, नाकात मोठी नथनी, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असा. नवरा गेल्यावर त्यांनी धंदा एकटीने सांभाळला. हार घालून त्या म्हणाल्या, "आता बाहेरच्या पाव्हन्याइचं पाहू. दापोलीवाले साळवीभाऊ, तुमचं काय काय कोनाकडं हाये?"

मी उठलो. सांगायला अभिमान वाटला. "काहीच नाही. माझा माल सगळाच्या सगळा माझ्याकडे असतो. एक चमचाही बाहेर नाही."

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. पण मागे एक बाई चुकचुकली. कमलताई हळू आवाजात म्हणाल्या, "कोनाकडंच नाई? एकबी भांडं?" एखाद्याला नातेवाईक नाहीत असं कळल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी खाली बसलो. मग महाडिकला विचारलं. त्याचंही काहीच कोणाकडे नव्हतं. एवढा एक समान धागा निघाला.

मग अडचणी मांडायची वेळ आली. माझं नाव आधी होतं. मी उभा राहून सगळं सांगितलं. डॉक्टर, माझी आई, माघी गणपती, अडकलेलं कापड, नसलेल्या खुर्च्या. मी म्हणालो, "मला लग्नापुरतं कापड आणि खुर्च्या पाहिजेत. भांडी आहेत, ती नुसती पडून आहेत."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत प्रल्हादभाऊ उठले. "टरक भरतो. खुर्च्या माह्या, कापड देवरावचं. ड्रायव्हर माह्या भाच्याले करतो. काळजी करू नोका." मागून कोणी म्हणालं, "माह्या बी खुर्च्या घ्या." आणखी एकाने गालिचा देऊ केला. हे लोक खरंच ट्रक भरून सबंध महाराष्ट्र ओलांडणार होते, एका अशा माणसासाठी, ज्याने त्यांना आजवर फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. मला भरून आलं. घाबरलोही, कारण तो ट्रक आंबा घाटातून येणार की वरंध्यातून, हे मी मनात ठरवायला लागलो होतो.

तेवढ्यात महाडिक उठला. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझ्याकडे त्याच आठवड्यात हर्णैजवळच्या एका गावचा महाप्रसाद आहे. गावकरी रांधतात. आहेत ती पातेली लहान पडतात. मला मोठी भांडी पाहिजेत. कापड आणि खुर्च्या लागणार नाहीत, लोक पंगतीत जमिनीवर बसतात. त्या पडूनच आहेत."

मी आभाळाकडे पाहिलं. तिथे मंडपाचं कापड होतं.

प्रल्हादभाऊ मिशी ओढत उभे राहिले. देवराव उठले आणि गोंधळलेल्या आवाजात म्हणाले, "थांबा जरा. हे दोघं एकाच गावचे हायेत. माह्या घरी एका गादीवर झोपले."

"तुमची दुकानं एकमेकापासून किती दूर हायेत?" कमलताईंनी विचारलं.

शेवटी महाडिक पुटपुटला, "एकाच आळीत."

मग जे हसू उसळलं ते मला अजून ऐकू येतं. प्रल्हादभाऊ खुर्चीत बसून हसले, मिशा पुसून परत हसले. माझ्या शेजारच्या शिरपूरवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भाऊ, काखेत कळसा अन् गावाले वळसा." कमलताई मात्र हसल्या नाहीत. त्या आम्हा दोघांकडे बघत होत्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"काहून बोलत नाई एकमेकासंग?" त्यांनी विचारलं.

आता ती हातभर आभाळाची आणि नवरदेवाची गोष्ट सगळ्या जिल्ह्यासमोर सांगायची? मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे."

"मंग जुनीच राहू द्या. उद्या माह्यासंग पोहरादेवीले चाला दोघंही."

जेवणाला रोडगे होते. कणकेचे मोठे गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, वर साजूक तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मी आणि महाडिक एका पंगतीत समोरासमोर बसलो. रोडगा फोडायचा कसा हे दोघांनाही माहीत नव्हतं. एकमेकांचं बघून शिकलो.

पोहरादेवी

पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. चैत्रात तिथे गर्दीला अंत नसतो. आम्ही गेलो तेव्हा पौष होता, त्यामुळे दर्शन निवांत झालं. कमलताईंनी आम्हाला मोकळ्या मैदानावर नेऊन उभं केलं.

"पाहा," त्या म्हणाल्या. "हे सारं भरते. कोनतं बिछायत केंद्र पुरन याले? माह्या नवऱ्यानं एक वर्स एकट्यानं कंत्राट घेतलं होतं. दुसऱ्याकडं मांगनं त्याले कमीपना वाटे. लोकं उन्हात बसले. मग दुसऱ्या वर्सी मी फिरली गावोगाव. मांगायले लाज वाटली, तं देऊनच आली. माह्याच सतरंज्या घरोघरी ठेवून आली, म्हटलं वापरा. चैत्रात मांगायले गेली तं कोनी नाई म्हटलं नाई."

"म्हणजे परतावा तुम्हीच सुरू केलात?" मी विचारलं.

"सुरू कायले करन? सामान वापस तं आनाच लागते." त्या हसल्या. "मी चहाचं पाहतो. तुमी मैदान पाहा." आणि चालू लागल्या.

आम्ही दोघे राहिलो. दोघेही मैदान बघत होतो. मंडपवाल्याला मोकळं मैदान दिसलं की त्याच्या डोक्यात खांब उभे राहायला लागतात, त्याला इलाज नाही. महाडिक वाकला, मूठभर माती उचलली, बोटांत चुरली. काळी माती. आमच्या जांभ्या दगडात खांब एकदा गेला की हलत नाही. ही माती उन्हात भेगाळते आणि खांब सैल पडतो.

"खड्डे जास्त खोल घ्यावे लागतील," तो मातीकडे बघत म्हणाला.

इतक्या वर्षांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, पण वाक्य साफ चुकीचं होतं.

"खोल घेऊन काय होणार?" मी म्हणालो. "माती खालीही तीच. खांबाला चारी बाजूंनी ताण दिला पाहिजे."

"एवढ्या गर्दीत ताणाच्या दोऱ्या? लोक अडकून पडतील. तुझी अक्कल तेव्हाही दोऱ्यांत अडकलेली होती."

"आणि तू तेव्हा तुझं कापड हातभर पुढे ओढलं असतंस तर तो नवरा भिजला नसता."

"मी? तुझं कापड आखूड होतं, शशी."

त्याने शशी म्हटलं. दोघांच्याही लक्षात आलं. मैदानात एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, तो थांबून आमच्याकडे बघायला लागला, आणि त्याच्यासमोर महाडिक एकाएकी हसत सुटला. "त्याचा फेटा आठवतो?" म्हणाला. "गुलाबी रंग सगळा शर्टावर उतरला होता." मला तो फेटा आठवला, आणि नवऱ्याच्या आत्याचा चेहरा आठवला, आणि मीही हसलो. हसता हसता पोट दुखायला लागलं तेव्हा आम्ही तिथेच मातीत बसलो. किती वर्षं फुकट घालवली, असं वाटून गेलं. बोललो मात्र नाही. तेवढं सगळं एकाच दिवशी जमत नाही.

चहा घेऊन कमलताई आल्या. आम्हाला मातीत बसलेलं बघून त्या म्हणाल्या, "ताण देनं बी लागते अन् खोल बी घ्या लागते." म्हणजे त्या ऐकत होत्या.

निघायच्या दिवशी देवरावांनी एक पातेलं आणून आमच्यासमोर ठेवलं. त्याला तिकडे गंज म्हणतात. पितळेचा, आत माणूस बसेल एवढा, बाजूंना दोन जाड कड्या, आणि काठाखाली ठिपक्यांत कोरलेलं नाव, देवराव इंगोले, मेडशी.

"हा महाडिकभाऊच्या महाप्रसादाले," ते म्हणाले. "बाकीचं तुमी एकमेकाले द्या. हा फक्त सुरुवातीले. पौषात वापस आनजा."

"आणि तुमीबी काईतरी ठेवून जा," कमलताई म्हणाल्या. "ज्याचं कोनाकडं काईच नाई, त्याले परताव्याले बलावाचं कसं?"

महाडिकने आपली बॅटरी दिली, तिच्यावर त्याचं नाव रंगवलेलं होतं. माझ्याकडे नाव असलेली वस्तू एकच होती. चपात्यांचा डबा. त्यावर नंदाचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. मी डोळे मिटून दिला.

दोन कड्यांचा गंज एका माणसाने उचलत नाही. उचलायचा तर दोघांनी, आणि पाय एका तालात टाकायला लागतात, नाहीतर तो नडगीवर आदळतो. अकोल्यापर्यंत आमच्या चारही नडग्या सुजल्या. कंडक्टर जातानाचाच होता. त्याने गंज बघितला, आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "आता तं संगच हाये ना?" आम्ही हो म्हणालो. आगगाडीत गंज दाराजवळच्या मोकळ्या जागेत ठेवला. एका बाईने चादर अंथरून त्यात तान्हं पोर झोपवलं. ते पोर कल्याणपर्यंत गाढ झोपलं, आणि त्याला उठवायला नको म्हणून आम्ही दोघं आळीपाळीने पहाऱ्याला उभे राहिलो.

दापोली

स्टँडवरून आळीपर्यंत गंज हातात घेऊन आम्ही दोघे चालत गेलो. ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. नंदा दारात उभी. तिने गंजाच्या त्या बाजूची कडी कोणाच्या हातात आहे ते पाहिलं, आणि काही बोलायच्या आत महाडिक म्हणाला, "वहिनी, चहा टाका." ती आत गेली. मग आतून विचारलं, "डबा कुठाय?"

"मेडशीला," मी म्हणालो.

"म्हणजे घड्याळ मिळवलंत आणि डबा देऊन आलात."

डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं. महाडिकचं कापड, त्याच्या खुर्च्या, खांब दोघांचे. मंडप एकच होता आणि त्यात कुठेही हातभर आभाळ नव्हतं, हे आम्ही दोघांनी आधी दोनदा तपासलं होतं. डॉक्टर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आई असती तर खूश झाली असती." मी भांडी मोजायचं निमित्त करून मागे गेलो. महाप्रसादाला माझी सगळी पातेली गेली. त्यांच्या मधोमध वाशीमचा गंज होता, आणि हर्णैकडची माणसं त्याच्यावरचं नाव वाचून मेडशी कुठे आलं ते एकमेकांना विचारत होती.

मेडशीहून परवा देवरावांचा फोन होता. शोभावहिनी रोज त्याच डब्यातून अंगणवाडीत भाकर नेतात. तिथल्या सगळ्या बायांनी विचारलं म्हणे, ही नंदा कोण.

महाडिकच्या खुर्च्या परत करताना मी एक मागे ठेवली. पाठीवर लाल अक्षरांत महाडिक लिहिलेली. सध्या गोदामाच्या दारात ती मी बसायला वापरतो. तो येता-जाता बघतो आणि काही म्हणत नाही. त्याच्याकडून माझी भांडी परत आली, त्यात मोठा झारा नव्हता.

नंदाच्या ते लगेच लक्षात आलं. म्हणाली, "आळीच्या टोकाला तर जायचंय. जा आणि झारा घेऊन या."

मी म्हटलं, "राहू दे. पौषात बघू."